पहिल्या दोन पानांवर निर्णय: तीन पत्तीकडून होल्डेमकडे येणाऱ्यांसाठी

लातूर असो वा नांदेड, मराठवाड्यात दिवाळीच्या रात्री जो पत्त्यांचा डाव बसतो तो बहुधा तीन पत्तीचा असतो. त्यामुळे पोकरकडे, म्हणजे त्यातल्या टेक्सास होल्डेम या प्रकाराकडे वळणारा इथला खेळाडू हातातली पाने तीन पत्तीच्याच मापाने जोखतो, आणि तिथेच त्याचा हिशेब चुकतो. तीन पत्तीच्या 22,100 संभाव्य हातांपैकी 16,440 हातांत ना जोडी असते, ना कलर (इस्पिक, बदाम अशा एकाच रंगाची पाने), ना सिक्वेन्स (लागोपाठची पाने). म्हणून तिथे नुसत्या एक्क्यावरही डाव मारता येतो. होल्डेममध्ये हातातली दोन आणि टेबलावर उघडणारी पाच अशा सात पानांतून उत्तम पाच निवडायची असतात, त्यामुळे शेवटपर्यंत काहीच न लागण्याचा प्रसंग शंभरात साधारण सतरा वेळाच येतो. (इथे कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा धरतात, हेही ध्यानात असू द्यावे.)

यावरून निघणारा पहिला नियम असा, की एक्का दिसला म्हणून चाल करू नये. त्याच्या जोडीचे पान पाहावे. समजा आपल्याकडे एक्का-सत्ती आहे आणि समोरच्याकडे एक्का-राजा. शेवटपर्यंत पाने उघडली तर चारपैकी जवळजवळ तीन वेळा समोरचाच जिंकेल. खरे नुकसान मात्र टेबलावर तिसरा एक्का उघडतो तेव्हा होते, कारण दोघांचीही एक्क्याची जोडी लागते आणि आपण जिंकल्याच्या भरवशावर रक्कम वाढवत राहतो. राजा-नव्वी आणि राणी-अठ्ठी यांची गतही तीच. माझ्या मते नवख्या खेळाडूने वेगवेगळ्या रंगांची अशी पाने वर्षभर सरळ पॅक केली, म्हणजे टाकून दिली, तरी त्याचे काही बिघडणार नाही.

दुसरा विचार बसण्याच्या जागेचा. होल्डेममध्ये बोट (डावाच्या सुरुवातीची ठरलेली रक्कम) सगळे लावत नाहीत. बटन (पाने वाटणाऱ्याची खूण) ज्याच्यापुढे असते त्याच्या डावीकडचे दोघेच, स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड, पाने पाहण्याआधी ठरलेली रक्कम ठेवतात. बिग ब्लाइंडच्या डावीकडच्याला सर्वांत आधी बोलावे (चाल करायची की पॅक, हे सांगावे) लागते, आणि नऊ जणांच्या टेबलावर त्याच्यामागे आठ जण अजून बोलायचे असतात. त्या जागेवरून सत्तीच्या जोडीपासून एक्क्याच्या जोडीपर्यंतच्या सर्व जोड्या, कोणत्याही रंगाचे एक्का-राजा व एक्का-राणी, आणि एकाच रंगाचे एक्का-गुलाम व राजा-राणी एवढेच हात खेळावेत. दोन पानांचे एकूण 1,326 हात होतात आणि या यादीत त्यांतले 88 येतात, म्हणजे पंधरा डावांत एखादाच हात खेळायला मिळतो. तीन पत्तीत न पाहता चाल करण्याची मजा घेतलेल्यांना हे जड जाते. जागा बटनाकडे सरकेल तशी यादी वाढवावी: आधी सर्व छोट्या जोड्या आणि एक्का-दश्शी, मग एकाच रंगाची लागोपाठची पाने, आणि बटनावर, आधीचे सगळे पॅक झाले असतील तर, एकाच रंगातला एक्का कोणत्याही पानाबरोबर चालतो. खेळायचे ठरले आणि आधी कुणी चाल केलेली नसेल, तर बिग ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट रक्कम लावूनच आत यावे. नुसती बरोबरी करून आत शिरल्याने मागच्यांना स्वस्तात पाने पाहायला मिळतात.

छोट्या जोडीचा हिशेब निराळा आहे. पंजीची जोडी हातात असताना टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत आणखी एक पंजी येण्याची शक्यता साडेआठ वेळांत एकदाची असते. म्हणून समोरच्याच्या चालीची बरोबरी करायला लागणाऱ्या रकमेच्या निदान पंधरा-वीस पट रक्कम दोघांपुढेही शिल्लक असेल तरच डावात राहावे. एकाच रंगाच्या पानांचे आकर्षणही आवरावे. पहिल्या तीन पानांतच कलर पूर्ण होणे शंभरात एकदाही घडत नाही.

हे सारे चिंचोके मांडून शिकता येते आणि तसेच शिकावे. महाराष्ट्रात जुगाराच्या अड्ड्यांना 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे.

उरल्या ब्लाइंडच्या दोन जागा. समजा स्मॉल ब्लाइंड एक चिंचोका, बिग ब्लाइंड दोन, आणि बटनावरच्याने पाच लावले. स्मॉल ब्लाइंड पॅक झाला, तर बिग ब्लाइंडला तीन चिंचोके घालून अकरांच्या डावात राहता येते, म्हणजे शंभरात सत्तावीस वेळा जिंकणारा हातही त्याला पुरतो; त्यामुळे इतरत्र पॅक केली असती अशी एकाच रंगाची अठ्ठी-नव्वी इथे खेळण्याजोगी ठरते. स्मॉल ब्लाइंडला मात्र चार घालावे लागतात, त्याच्यामागे बिग ब्लाइंड अजून बोलायचा असतो, आणि टेबलावरची पाने उघडल्यानंतर प्रत्येक फेरीत पहिले त्यालाच बोलावे लागते. तिथे तीच अठ्ठी-नव्वी टाकून द्यावी.