संत्र्याची सल, धुऱ्यावरची बाभूळ आणि भरवशाची चेन सॉ

मृगाआधी झाडांची दोन कामं उरकावी लागतात. संत्रा बागेतली सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायची आणि गोठ्यावर, विहिरीवर झुकलेल्या फांद्या उतरवायच्या. मे महिन्यात वावधन सुटलं की राहिलेली फांदी टिनावर येते. याच दिवसांत चेन सॉची, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीची, खरेदी वाढते. घरच्या कामासाठी घेणारे असतात आणि गावोगाव झाडं तोडायचा ठेका घेणारी पोरंही असतात.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती सीसीची आहे?’ खोक्यावर ५८ सीसी, २२ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि गडी खूश होतो. माझ्या मते हा प्रश्न तिसरा-चौथा असावा. पहिला प्रश्न सुट्या भागांचा. स्टार्टरची दोरी आणि स्प्रिंग, क्लच, स्प्रॉकेट, ऑइल पंप, कार्बोरेटरचं किट, एअर फिल्टर हे सगळं दुकानदाराला रॅकवरून काढून समोर ठेवायला सांगा. ‘मागवून देतो’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा. ऐन हंगामात पाचशे रुपयांच्या भागासाठी मशीन आठ दिवस पडून राहिली, तर ठेकेदाराचं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. तालुक्याच्या गावी ज्या कंपनीचा मिस्त्री बसतो, तीच कंपनी तुमच्यासाठी चांगली. ऑनलाइन स्वस्त मिळते हे खरं, पण ती उघडणार कोण?

आता ताकदीचं. बागेतलं आणि घरचं काम असेल तर ३० ते ३५ सीसी आणि १२ ते १४ इंची बार पुरे. दिवसभर बाभूळ, कडुलिंब पाडणाऱ्याने ४५ ते ६० सीसीची, १६ ते १८ इंची बारची मशीन घ्यावी. सीसीच्या खाली बारीक अक्षरात किलोवॉट आणि वजन लिहिलेलं असतं, खरी तुलना त्यावरून करा. इंजिनाला न झेपणारा लांब बार लावला की चेन लाकडात अडते, क्लच घसरून जळतो. जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापता येतो, त्यासाठी २२ इंची बार लागत नाही. रोजच्या ठेक्याच्या कामाला मॅग्नेशियमच्या क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या कवचाची, मशीन घ्या. महाग पडते, पण प्लॅस्टिकच्या बॉडीपेक्षा ताप आणि हादरे जास्त सोसते.

पैसे मोजण्याआधी मशीन दुकानासमोर चालू करून बघा. बारचं टोक पुठ्ठ्याच्या वर चारेक बोटं धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर चेनला तेल पोचत नाही. रेस सोडल्यावर चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. पुढचा ब्रेक मनगटाने ढकलून बघा. मग दहा मिनिटं चालवून बंद करा, तीन-चार मिनिटं उन्हात ठेवा आणि पुन्हा दोरी ओढा. थंड मशीन कोणतीही सुरू होते. आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत गरम मशीन सुरू होते का, ते बघायचं. जुनी घेत असाल तर सायलेन्सर खोलायला लावा. आत पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर ती मशीन कधीतरी ऑइलविना चालली आहे. फुकट दिली तरी नको.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच घाला. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. ‘अंदाजे एक झाकण’ नको. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, म्हणून मिसळलेलं पेट्रोल महिनाभराच्या वर ठेवू नका. चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतायची सवय गावोगाव आहे. त्यातला धातूचा कीस ऑइल पंप आणि बार दोन्ही खातो.

वाळलेली बाभूळ चेनची धार लवकर मारते. धुऱ्यावरच्या झाडात कुंपणाची जुनी तार आणि खिळे सालीखाली गडप झालेले असतात, म्हणून बुंधा आधी कुऱ्हाडीच्या पाठीने खरवडून बघा. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की कानस घ्या. कानशीचा व्यास चेनवर ठरतो. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर) चेनला ४.८ मिमी, बारीक लो-प्रोफाइल चेनला ४ मिमी. कानस चेनबरोबरच विकत घ्या.

संत्र्यात मात्र मोठी मशीन नेऊच नका. बारीक सल कात्रीने, जाड फांदी लहान मशीनने किंवा हातकरवतीने काढा. कापताना २ सेंमी हिरवा भागही गेला पाहिजे. दुसऱ्या झाडाला हात लावण्याआधी हत्यार १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुसा. त्याने लोखंड गंजतं, म्हणून संध्याकाळी तेलाचा हात फिरवा. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

चालवणाऱ्याने गळ्यातला दुपट्टा काढून ठेवावा. बूट, हेल्मेट, चष्मा, कानाला मफ हवेतच. बारच्या टोकाच्या वरच्या भागाने लाकडाला स्पर्श झाला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येते, म्हणून टोकाने कापायचं नाही आणि खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही. फांदी विजेच्या तारेला टेकलेली असेल तर महावितरणच्या माणसाकडून लाइन बंद केल्याशिवाय तिला हात लावू नका.

झाड आपल्या वावरातलं असलं तरी साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. ठेका घेणाऱ्याने मालकाकडून तो कागद बघूनच दोरी ओढावी.