सिनेमाच्या बखरी आणि अस्सल कागद : मॅडिसनला नव्याने येणाऱ्यांसाठी

दर ऑगस्टमध्ये विद्यापीठात नव्याने आलेली मराठी मुलं-मुली एकदा तरी आमच्याकडे वरणभाताला येतात. भाड्याचं घर, बँकेचं खातं, थंडीचा कोट कुठे स्वस्त मिळतो, हे सगळं बोलून झालं की मी विचारते, लायब्ररीत जाऊन आलात का? बहुतेकांचं उत्तर एकच असतं : ऑनलाइन मिळतं की सगळं. इतर विषयांत तेवढ्यावर भागत असेलही. पण तुम्ही अमेरिकन सिनेमाचा इतिहास अभ्यासायला विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनच्या विद्यापीठात आला असाल, तर तुमचं काम दोन इमारतींत होणार आहे, आणि पहिल्याच आठवड्यात दोन्हींत जाऊन या.

त्या समोरासमोर आहेत. स्टेट स्ट्रीट संपत आला की लायब्ररी मॉल नावाचं मोकळं पटांगण लागतं. एका बाजूला विद्यापीठाची मेमोरियल लायब्ररी, दुसऱ्या बाजूला विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीची दगडी, खांबांची, १९०० साली उघडलेली इमारत. पहिली विद्यापीठाची, दुसरी राज्याची. दुसरीत कोणीही जाऊ शकतं. विद्यार्थी असण्याची अट नाही, फी नाही. नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर डिपेंडंट व्हिसावर आलेल्यांना मी हे मुद्दाम सांगते. घरात बसून हिवाळा काढण्यापेक्षा तिथे जाऊन वाचा.

आधी मेमोरियलबद्दल. आपल्याकडे कॉलेजच्या लायब्ररीत चिठ्ठी भरून द्यायची, मग शिपाई आतून पुस्तक आणून देणार, अशी आपल्याला सवय. कपाटापर्यंत हात पोचतच नाही. इथे कपाटांमध्ये तुम्ही स्वतः शिरायचं असतं. सिनेमाची पुस्तकं पीएन १९९३ ते पीएन १९९९ या क्रमांकांत आहेत, आणि अमेरिकन सिनेमाचा इतिहास त्यातल्या पीएन १९९३.५ च्या यू६ मध्ये. कॅटलॉगमध्ये एका पुस्तकाचा क्रमांक शोधून तेवढंच उचलून परत येऊ नका. त्या कपाटासमोर तासभर उभे राहा, शेजारची पुस्तकं काढून मागची सूची चाळा. माझ्या प्रबंधाचा विषय मला असाच, दुसरंच पुस्तक शोधताना सापडला. एखादं पुस्तक इथे नसेल तर इंटरलायब्ररी लोनने देशातल्या दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं. संकोच करू नका, ती तुमची हक्काची सोय आहे.

संकोच हीच आपली मोठी अडचण असते. इथे प्रत्येक विषयासाठी एक ग्रंथपाल नेमलेला असतो, आणि विद्यार्थ्यांनी प्रश्न घेऊन यावं हेच त्यांचं काम. त्यांना नावाने हाक मारायची. ‘सर’, ‘मॅडम’ नको. सुरुवातीला जीभ वळत नाही, पण महिन्याभरात होते सवय. ईमेल लिहाल तेव्हा ‘मला हॉलिवूडवर माहिती हवी आहे’ असं लिहू नका. काय शोधताय, कोणत्या सालातलं, आतापर्यंत कुठे कुठे पाहिलं आणि काय सापडलं नाही, एवढं पाचसहा ओळींत लिहा. शेवटची गोष्ट तर नक्की लिहा. काय सापडलं नाही हे कळलं की त्यांना पुढची वाट दाखवता येते.

आता शोधायच्या शब्दांबद्दल, कारण नवीन मुलं इथेच अडखळतात. लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये विषयाचं नाव ‘मोशन पिक्चर्स’ असं आहे. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्म’ एवढंच टाकाल तर निम्मी पुस्तकं हाती लागत नाहीत. जुन्या मासिकांत आणखी वेगळं. १९१० च्या दशकात लोक ‘फोटोप्ले’ आणि ‘मूव्हिंग पिक्चर’ म्हणत. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी काढलेल्या चित्रपटांना त्या काळी ‘रेस पिक्चर्स’ म्हणत. ज्या काळातला कागद हवा, त्या काळातला शब्द टाका. नटनट्यांच्या नावांची स्पेलिंगंही दोनतीन प्रकारे लिहून बघा, कारण यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरं हमखास चुकतात.

घरी बसून दोन ठिकाणं रोज वापरा. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा कॅटलॉग सर्वांसाठी खुला आहे. चित्रपट कधी प्रदर्शित झाला, कोणी काढला, किती रिळांचा होता हे तिथे तपासायचं. दुसरं म्हणजे मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी आणि तिच्यात शोध घेणारं ‘लँटर्न’, जे २०१३ पासून चालू आहे आणि आपल्याच विद्यापीठाचं आहे. ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’, ‘फोटोप्ले’, ‘फिल्म डेली’ अशा नियतकालिकांची लाखो पानं त्यात वाचता येतात. त्यात एकदा ‘बॉम्बे’ टाकून बघा. परदेशी बाजार हा हॉलिवूडच्या धंद्याचा मोठा भाग होता. मुंबईच्या धोबीतलावचं मेट्रो थिएटर १९३८ साली हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने स्वतः बांधलं, तेव्हा आपल्या आजीआजोबांनी तिथे पाहिलेला सिनेमाही याच इतिहासात येतो. १९२७-२८ च्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीपुढच्या साक्षी वाचल्यात तर कळेल, की त्या वेळी हिंदुस्थानात दाखवले जाणारे बहुतेक चित्रपट अमेरिकन होते आणि सरकारला त्याची काळजी लागली होती.

पण पडद्यावर आणि कॉम्प्युटरवर थांबू नका. कागदांकडे जा. हे मी इतकं बजावून सांगते, त्याला कारण आहे.

अमेरिकेत १९१२ ते १९२९ या काळात जवळजवळ ११,००० मोठे मूकपट निघाले. त्यातले मूळ स्वरूपात पूर्ण टिकलेले फक्त १४ टक्के. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातला हा आकडा आहे. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या असत. त्या जळाल्या, कुजल्या, कित्येक तर जागा अडते म्हणून टाकून दिल्या गेल्या. म्हणजे पुष्कळ चित्रपटांबद्दल आपल्या हातात उरलाय तो कागदच : करार, पत्रं, जाहिराती, हिशेब. त्याहून आधीच्या काळात तर कागदाने चित्रपटच वाचवले. १९१२ पर्यंत चित्रपटाला कायद्याने वेगळा कॉपीराइट नव्हता, छायाचित्राला होता. म्हणून निर्माते अख्खी फीत चौकटीमागून चौकट कागदाच्या लांब पट्टीवर छापून वॉशिंग्टनला जमा करत. मूळ फिती गेल्या, पट्ट्या राहिल्या, आणि पुढे त्यांवरून ते चित्रपट पुन्हा फिल्मवर उतरवता आले.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. बखर आणि अस्सल पत्र यातला फरक आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, ती बखरींवर त्यांचा भरवसा नव्हता म्हणून. हॉलिवूडमध्ये नटांच्या आत्मचरित्रांचं तेच आहे. ती वाचा, जरूर वाचा, पण बखर म्हणून वाचा. मग समोरच्या दगडी इमारतीत चौथ्या मजल्यावर जा. विस्कॉन्सिन सेंटर फॉर फिल्म अँड थिएटर रिसर्चचे कागद तिथे बघायला मिळतात.

एक उदाहरण देते. १९४७ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे कम्युनिस्ट असल्या-नसल्याचं उत्तर न देणारे दहा जण काळ्या यादीत गेले, म्हणजे हॉलिवूडमध्ये त्यांना उघडपणे काम मिळेनासं झालं. त्यातले पटकथालेखक डाल्टन ट्रम्बो १९५० साली तुरुंगात गेले आणि पुढे दहा वर्षं दुसऱ्यांच्या नावांवर लिहीत राहिले. १९६० साली ‘स्पार्टाकस’वर त्यांचं खरं नाव आलं. ते आपण आणलं आणि काळी यादी आपण मोडली, असं निर्माता-नट कर्क डग्लस यांनी आठवणींत सांगितलं. पण त्याच वर्षी जानेवारीत दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर यांनी आपला ‘एक्सोडस’ ट्रम्बोंनीच लिहिल्याचं वर्तमानपत्रातून जाहीर करून टाकलं होतं. मग मोडली कोणी? ट्रम्बोंचे कागद मॅडिसनला आहेत, आणि डग्लस यांचेही. एका पत्राच्या दोन्ही बाजू एकाच वाचनकक्षात, एकाच टेबलावर मागवता येतात. मात्र कागदांच्या यादीत ट्रम्बो हेच नाव शोधत बसाल तर सगळं सापडणार नाही, कारण ‘स्पार्टाकस’च्या कामात ते ‘सॅम जॅक्सन’ या नावाने वावरत होते. टोपणनावांची एक यादी करून वहीत चिकटवून ठेवा.

चौथ्या मजल्यावर जाण्याआधी फाइंडिंग एड वाचायची. पेशवे दप्तरात जसे रुमाल, तशी इथे खोकी. कोणत्या खोक्यात कोणती फोल्डर आहे याची ती यादी. ती इंटरनेटवर घरबसल्या वाचता येते. खोक्यांचे क्रमांक लिहून काढा आणि भेटीच्या काही दिवस आधी कळवा, कारण बरंच साहित्य दुसरीकडच्या गोदामात असतं आणि यायला वेळ लागतो. ओळखपत्र न्या. बॅग, कोट, पेन, पाण्याची बाटली बाहेर ठेवावी लागते. आत पेन्सिल, लॅपटॉप, मोबाइल. जानेवारीत कोट काढून बसायचं म्हणजे आत स्वेटर हवाच. एका वेळी एकच खोकं, त्यातली एकच फोल्डर, आणि आतल्या पानांचा क्रम हलवायचा नाही.

पहिलं खोकं मला अजून आठवतं. करड्या पुठ्ठ्याचं, हातभर लांब. आत कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ कागदावरच्या कार्बन कॉप्या, जांभळट पडलेली अक्षरं, कोपऱ्यात टाचणीने सोडलेला गंजाचा डाग. पान उचललं की ते थरथरायचं. वितरण खात्यातलं साधं पत्र होतं, कुठल्या गावात कोणत्या थिएटरला किती भाड्याने प्रिंट द्यायची याची घासाघीस. तोपर्यंत मी सिनेमाचा इतिहास म्हणजे दिग्दर्शकांचा इतिहास समजत होते. त्या दुपारी कळलं, की कोणता चित्रपट लोकांपर्यंत पोचणार हे असल्या पत्रांमध्ये ठरत होतं.

युनायटेड आर्टिस्ट्सचा संग्रह म्हणूनच बघा. चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांनी १९१९ साली काढलेली ही कंपनी. तिचे कागद १९६९ साली मॅडिसनला आले. इथले प्राध्यापक टिनो बॅलिओ यांनी त्यांच्या आधारे कंपनीचा दोन खंडांचा इतिहास लिहिला, आणि हॉलिवूडकडे धंदा म्हणून कसं बघायचं ते पुढच्या पिढीला शिकवलं. याच संग्रहात प्रेसबुकं आहेत. चित्रपटगृहाच्या मालकाला कंपनी जी जाहिरातींची पुस्तिका पाठवायची, ती. दारात काय सजावट करावी, गावातल्या कोणत्या दुकानाशी हातमिळवणी करावी, वर्तमानपत्रात कोणता तयार मजकूर छापून आणावा, सगळं त्यात लिहिलेलं. ही वाचल्यावर त्या काळच्या ‘परीक्षणां’कडे बघा : कित्येक छोट्या गावांतल्या पेपरांत प्रेसबुकातलीच वाक्यं जशीच्या तशी उतरलेली दिसतील.

विषय ठरत नसेल तर एक सुचवते. विस्कॉन्सिनमधलं एखादं छोटं गाव घ्या आणि तिथली थिएटरं शोधा. सॅनबॉर्न कंपनीच्या आगविम्याच्या नकाशांवर प्रत्येक इमारत काढलेली आहे, आणि नायट्रेटला आग लागण्याची भीती असल्याने सिनेमाघरं त्यात नोंदलेली सापडतात. गावचा पेपर हिस्टॉरिकल सोसायटीत मायक्रोफिल्मवर असेल. लायब्ररी ऑफ काँग्रेस सोडली तर वर्तमानपत्रांचा एवढा साठा दुसरीकडे क्वचितच. मायक्रोफिल्म भरभर फिरवली की डोकं गरगरतं, तेव्हा दर अर्ध्या तासाने उठा, तळ्यापर्यंत चालून या.

मॅडिसनबाहेर जायची वेळ येईल. पटकथा आणि सेन्सॉरच्या फायलींसाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीची मार्गारेट हेरिक लायब्ररी, बेव्हर्ली हिल्सला; १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या प्रॉडक्शन कोडच्या, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याच्या हॉलिवूडच्या नियमावलीच्या, फायली तिथे आहेत. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांचे कागद टेक्सासमध्ये, ऑस्टिनला हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात जॉर्ज जॉन्सन यांचा संग्रह आहे, आणि तो माझ्या फार जिव्हाळ्याचा. ओमाहाच्या टपाल खात्यात नोकरी करता करता या माणसाने भावाच्या लिंकन मोशन पिक्चर कंपनीचं वितरण सांभाळलं आणि कृष्णवर्णीयांच्या सिनेमाबद्दलचं प्रत्येक कात्रण जपून ठेवलं. त्यातले बरेच चित्रपट आज नाहीत, पण ती कात्रणं आहेत.

अशा दौऱ्यावर माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. एका अभिलेखागारात दोन दिवसांत मी चारशेच्या वर पानांचे फोटो काढले आणि खोक्याचा, फोल्डरचा क्रमांक कुठेच टिपला नाही. घरी आल्यावर एकही पान प्रबंधात वापरता येईना, कारण ते कुठलं हे सांगता येत नव्हतं. पुन्हा तिकीट काढून जावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक फोल्डर उघडली की पहिला फोटो तिच्या लेबलाचा. शेवटचा फोटो पुन्हा त्याच लेबलाचा.

कंटाळा आला, घरची आठवण आली, तर मेमोरियलमध्येच पीके क्रमांकांच्या कपाटांकडे जा, मराठी पुस्तकं तिथे आहेत. साठच्या दशकात पीएल-४८० नावाच्या योजनेतून भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकन विद्यापीठांकडे येऊ लागली, आणि तो ओघ पुढेही वेगवेगळ्या मार्गांनी चालू राहिला. सेमिस्टर चालू असताना व्हायलस हॉलमध्ये सिनेमाथेकचे खेळ फुकट असतात, तेही चुकवू नका.

आणि वाचनकक्ष बंद व्हायच्या पंधरा मिनिटं आधी काउंटरवर सांगा, की उद्याही यायचं आहे, हे खोकं इथेच ठेवा. न सांगता गेलात तर ते रात्रीत परत जाग्यावर जातं, आणि सकाळी पुन्हा चिठ्ठीपासून सुरुवात.