चुन्याच्या भिंतीला चुनाच

ठाण्याच्या खारकर आळीतल्या आमच्या जुन्या, चुन्यात बांधलेल्या घराच्या मागच्या भिंतीला बारा वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला. ठेकेदार म्हणाला, "वहिनी, आता वीस वर्षं बघायला नको." तिसऱ्या पावसाळ्यानंतर गिलावा फुगला, ठोकला की पोकळ वाजायचा. पाडला, तर आतली वीट नखाने खरवडली तरी भुगा पडत होता.

जुनी वीट आणि चुना ओल पितात आणि उघडीप मिळाली की सोडून देतात. सिमेंटने ती वाट बुजते. ओल आत कोंडते, तिच्यातले क्षार वाळताना स्फटिक होऊन विटेला आतून फोडतात. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट 1824 चं. मराठ्यांनी 1737 साली पोर्तुगीजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला, जिथे आता कारागृह आहे, तो बांधताना सिमेंट होतं कुठे?

तर आधी पाणी शोधा. फुटलं कौल, तुंबलेली पन्हळ, गळका नळ. हे न करता गिलावा म्हणजे पैसे पाण्यात. भेग असेल तर तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा, तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय. गवंड्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा. घर पालिकेच्या वारसा यादीत असेल तर परवानगी आधी.

काम दिवाळीनंतर काढा. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेले चुन्याचे कोरडे खडे, लोखंडी पिंपात विरवायचा. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, खदखदून उडतो. चष्मा, हातमोजे हवेतच, आणि पोरांना लांब ठेवा. मग दोन-तीन महिने पाण्याखाली मुरू द्या, म्हणजे हे विरवणं पावसाळ्यातच उरकून घ्यायचं. बोटावर घेतला की श्रीखंडासारखा लागला पाहिजे.

एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. खाडीची वाळू चालत नाही, तिच्यात मीठच असतं. जोत्याजवळ, जिथे ओल हटत नाही, तिथे थोडी सुरखी म्हणजे विटांची बारीक भुकटी मिसळा. त्याने चुना ओलीतही धरतो. गवंडी गूळ आणि बेलफळाचं पाणीही सांगतात. मी घातलं नाही.

भिंत आधी भिजवा. एका हाताला दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. वर ओलं गोणपाट, आठवडाभर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, भरभर वाळला तर नुसती भुकटी राहते. शेवटी चुन्याची सफेदी द्या. प्लॅस्टिक पेंट लावलात तर पुन्हा तीच गत.

आमची भिंत आता बरी आहे. नळाजवळचा हातभर तुकडा मात्र दर पावसाळ्यात सुटतो, म्हणून पिंपात थोडा चुना शिल्लक ठेवते. वर चार बोटं पाणी.