कुंडीतली शेवंती: कटिंग लावल्यावरचे पहिले तीन आठवडे

मुळं फुटलेली कटिंग (फांदीचे रुजवलेले तुकडे) आणून कुंडीत गार्डन शेवंती, म्हणजे बागेत-अंगणात ठेवायची झुडपासारखी भरगच्च शेवंती, वाढवून विकायचं ठरवलंय, तर माध्यम कसं भरायचं, ड्रिप कसं जोडायचं, पीएच आणि ईसी म्हणजे काय एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते. ते नसेल येत तर आधी ते शिकून घ्या, मग हे वाचा. मला बोलायचंय ते मुख्यतः एकाच गोष्टीवर, कारण या पिकात बाकी बऱ्याच गोष्टी नंतर सावरता येतात पण ही सावरणं फार जड जातं. ती म्हणजे झाड भरायच्या आधीच कळी लागणं.

बघा, होतं काय. रोप लावलंय, वीतभरसुद्धा झालं नाहीये आणि शेंड्यात मध्यभागी हिरवी गोल गाठ दिसायला लागते. नवीन माणसाला आनंद होतो, अरे वा लवकर कळी आली. नाही हो. फांदीच्या टोकाला कळी लागली की ती फांदी तिथेच संपते, ती पुढे वाढत नाही. मग खालून फुटवे निघतात पण एकसारखे नाही, कुठे दोन कुठे पाच, आणि कळीच्या खालची पानं बघा, नेहमीसारखी दातेरी नसतात, अरुंद, साधी, पट्टीसारखी येतात. ही पट्टीसारखी पानं दिसली की समजायचं रोप वाढ सोडून फुलाच्या मागे लागलंय. असं झाड शेवटी वेडंवाकडं होतं, मध्ये भोक, एका बाजूला उंच, आणि फुलं सगळी एकदम न येता तुकड्या तुकड्यात येतात. आठ-नऊ इंची कुंडीत असं झाड कोणी घेत नाही, मला हे दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

आता कारण नीट समजून घ्या, इथेच सगळे फसतात. आपण शिकलेलो असतो की शेवंती छोट्या दिवसाचं झाड आहे. खरं आहे. गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० साली दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा संबंध मांडला तेव्हापासून हे माहीत आहे, आणि झाड मोजतं ती खरं तर रात्र, सलग अंधार. दिवस साधारण साडेतेरा तासांच्या खाली आला की कळी धरायला लागते आणि ती पुढे नीट फुलायला दिवस त्याहूनही लहान लागतो. त्यामुळे आपण निर्धास्त असतो की आत्ता दिवस मोठे आहेत, कळी येणारच नाही. पण हा नियम जितका पक्का फुलदाणीसाठी कापून विकायच्या शेवंतीला लागतो तितका गार्डन शेवंतीला लागत नाही. गार्डन जातींमध्ये, त्यातही लवकर फुलणाऱ्या जातींमध्ये, दिवस मोठा असतानासुद्धा झाडाची वाढ अडली की ते कळी धरतं. वाढ अडली की, हे शब्द लक्षात ठेवा. पाणी कमी पडलं, खत मिळालं नाही, ट्रेमध्येच मुळं गच्च गुंडाळली गेली, रात्री थंड गेल्या, कटिंग जुनं होतं, काहीही असो, रोप थांबलं की कळी.

आणि कटिंग आपल्याकडे येतं तेव्हा ते आधीच थांबण्याच्या बेतात असतं. ट्रेच्या एवढ्याशा घरात मुळं भरलेली, त्यातलं खत संपलेलं, वर प्रवासाची दगदग. म्हणून ट्रे आले की त्याच दिवशी लावा, फार तर दुसऱ्या दिवशी. कुंड्या भरून, ओल्या करून, ड्रिपर तपासून तयार ठेवा आणि मगच कटिंग मागवा. उलटं करू नका, म्हणजे कटिंग आलंय आणि माध्यमाची गाडी यायचीय. तो ट्रे सावलीत चार-पाच दिवस हिरवागार दिसतो, काही झालेलं वाटत नाही, पण आत शेंड्यात काम होऊन गेलेलं असतं आणि कळी डोळ्याला दिसते ती काही आठवड्यांनी, तेव्हा कोणाला ट्रे आठवतोय.

लावताना खोल गाडू नका, ट्रेतल्या मातीचा वरचा थर आणि कुंडीतला थर एका पातळीत. लगेच भरपूर पाणी. पहिले काही दिवस वरून हलकं पाणी दिवसातून दोन-तीनदा, पानं ताठ राहतील एवढं, नुसत्या ड्रिपवर सोडू नका कारण ड्रिपचं पाणी अजून त्या छोट्या मुळांपर्यंत पोचत नसतं. कुंडी ओली दिसते आणि मधला गोळा कोरडा, हे हमखास होतं, बोट घालून बघा.

खत पहिल्या पाण्यापासून. हे मी ओरडून सांगते कारण उलटा सल्ला फार फिरतो, की मुळं धरू दे मग खत दे. शेवंतीला वाट बघायला लावू नका. २०० ते ३०० पीपीएम (लिटर पाण्यात तेवढे मिलिग्रॅम) नायट्रोजन, दर पाण्याबरोबर, पहिल्या दिवसापासून. सुरुवातीला जे मिळालं नाही ते नंतर दुप्पट देऊन भरून निघत नाही, कारण तोवर फांद्या किती फुटायच्या ते ठरून गेलेलं असतं. माध्यमाचा पीएच ५.८ ते ६.२ च्या आसपास ठेवा, ईसी मीटर घ्याच, अंदाजाने खत देणारी माणसं मी पाहिलीत आणि त्यांचं पीकही पाहिलंय.

आता तो ताणाचा सल्ला. कोणीतरी अनुभवी माणूस येतो, त्याने वर्षानुवर्षं फळझाडं केलेली असतात, आणि तो सांगतो की थोडा ताण द्या, मुळं खाली जातील, रोप काटक होईल. मलाही हेच सांगितलं गेलं, अगदी मायेने, आणि पीक कळ्यांनी भरलं. फळझाडाला ताण देतात तो कशासाठी? बहर यावा म्हणूनच ना. मग हाच ताण कुंडीतल्या शेवंतीला दिला तर तीही तेच करणार, फुलाकडे वळणार. सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याचं पीक वेगळं असतं. म्हणून माझं ठाम मत आहे, गुरू करायचा तर ज्याने हेच पीक, याच आकाराच्या कुंडीत, विकण्यासाठी केलंय त्यालाच करा. वयाने लहान असला तरी चालेल. आणि त्याला उत्तम झाडाबद्दल विचारू नका, बिघडलेल्या बॅचबद्दल विचारा, जो मोकळेपणी सांगेल तो तुमच्या कामाचा.

थंड रात्रींचंही असंच. लवकर लावलं की झाड मोठं होईल असं वाटतं, म्हणून हंगामाच्या आधी उघड्यावर लावतात. रात्रीचं तापमान सोळा-सतरा अंश सेल्सिअसच्या खाली जात राहिलं आणि रोप लहान असेल तर कळीचा धोका वाढतो. लवकर लावायचंच तर आडोशात लावा आणि रात्रीच्या मधल्या वेळात दिवे लावा, रात्री १० ते २, झाडाच्या शेंड्यावर साधारण १०० लक्स पडेल एवढा उजेड. सलग अंधार तुटला की झाडाला रात्र छोटी वाटते. थंडी आणि उपासमार याने भरून निघत नाही, पण मदत होते. मोठ्या कुंडीला लावणीपासून विक्रीपर्यंत साधारण १२ ते १४ आठवडे धरा, आणि विक्रीच्या तारखेपासून उलटं मोजा, म्हणजे उगाच लवकर लावायचा मोह होत नाही.

समजा कळ्या दिसल्याच. घाबरू नका, सगळं गेलं असं नाही. आधी मोजा की दिवस लहान व्हायला, म्हणजे खरी फुलधारणा व्हायला, अजून किती आठवडे आहेत. पाच-सहा आठवडे असतील तर कळीसकट शेंडा खुडा, थोडी खालची चांगली पानं फुटवे देतील इथपर्यंत, आणि खुडण्याच्या आधी खत-पाणी नीट करा. उपाशी रोपाचा शेंडा खुडला तर खालून निघणारा फुटवाही कळी घेऊनच येतो, हे मुद्दाम सांगते कारण घाईत सगळे आधी खुडतात. आठवडे कमी असतील तर खुडू नका, आहे तसं वाढू द्या, लहान कुंडीच्या मालात लवकर विकून टाका. पैसे कमी येतील पण जागा मोकळी होईल. त्यात कमीपणा काही नाही.

इथेफॉनबद्दल, म्हणजे झाडाची वाढ आणि कळ्या आवरणाऱ्या रसायनाबद्दल, विचारतीलच. ५०० पीपीएमची फवारणी लवकर आलेल्या कळ्या गाळते आणि फुटवे वाढवते, हे खरं आहे आणि मोठे उत्पादक ते वापरतात. पण सुकलेल्या, ताणातल्या रोपावर मारायचं नाही, द्रावण केलं की काही तासांत संपवायचं, ठेवून दिलं की जोर जातो, पाणी अल्कधर्मी असेल तर आणखी लवकर. आणि त्याने फुलं लांबतात, म्हणून खऱ्या फुलधारणेच्या आधी थांबवावं लागतं. लेबलवर काय परवानगी आहे ते वाचूनच. माझं मत विचाराल तर पहिल्या हंगामात हात लावू नका. पाणी आणि खत जमल्याशिवाय बाटलीकडे वळलात तर नक्की कशामुळे काय झालं हे कधी कळणारच नाही.

शेंडा खुडण्यावरही उगाच श्रद्धा आहे लोकांची. आजच्या बऱ्याच जाती आपोआप फुटतात, त्यांना खुडायची गरज नसते, जातीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. खुडायचंच असेल तर मुळं कुंडीच्या कडेला पोचल्यावर, साधारण १० ते १४ दिवसांनी, आणि फक्त कोवळा शेंडा, अर्धा इंच. टणक देठापर्यंत तोडलं तर फुटवे कमी येतात.

बाकीचं भरभर सांगते. पानाला पान टेकलं की कुंड्या लांब करा, उशीर केला तर खालची पानं पिवळी पडतात आणि झाड उंच पोकळ होतं, मग वाढ रोखणारी औषधं मारत बसावं लागतं. मावा, फुलकिडे, नागअळी यांच्यासाठी पिवळे-निळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून, फुलकिडे विषाणूही आणतात म्हणून ते जास्त मनावर घ्या. सतत चिंब माध्यमात पिथियम नावाच्या बुरशीसारख्या रोगजंतूने मुळं कुजतात. उन्हाच्या तडाख्यात एका बाजूच्या फांद्या पिवळ्या पडून सुकल्या तर फ्युजेरियम मर या बुरशीच्या रोगाची शंका घ्या आणि झाड कुंडीसकट बाहेर काढा. पानाच्या खाली पांढरट-गुलाबी फोड आणि वर फिके ठिपके म्हणजे पांढरा तांबेरा असू शकतो, पुष्कळ देशांत तो क्वारंटाइनचा रोग आहे, लपवू नका, कृषी खात्याला दाखवा.

स्वतःच्या झाडांची कटिंग काढून पैसे वाचवायचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. पेटंट असलेल्या जातींची परवान्याशिवाय अशी वाढ करता येत नाही, हा एक भाग. दुसरा, कळी धरायला लागलेल्या झाडाचं कटिंग कळीची तयारी घेऊनच येतं, आणि खुजेपणा आणणारा व्हायरॉइड (विषाणूपेक्षाही लहान रोगजंतू) हाताने, चाकूने झाडावरून झाडावर जातो आणि लगेच दिसतही नाही. माझ्या मते ही बचत सगळ्यात महागात पडणारी आहे.

दोन गोष्टी ज्यांनी तारीख चुकते. रात्री पंचवीस अंशांच्या वर राहिल्या तर दिवस लहान होऊनही कळी धरायला उशीर होतो, म्हणून एकाच जातीवर एकाच तारखेचा शब्द देऊ नका, लवकर, मध्यम, उशिरा अशा जाती मिसळा. आणि शेजारचा रस्त्यावरचा दिवा किंवा गोडाऊनचा फ्लडलाइट कुंड्यांवर पडत असेल तर तेवढी ओळ हिरवीच राहते. कुंड्या मांडायच्या आधी एकदा रात्री जागेवर जाऊन उभ्या राहा, तुमच्या हाताची सावली पडतेय का बघा.

कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की खत कमी करत आणा, रंग दिसायला लागला की जवळपास बंद, म्हणजे घेणाऱ्याच्या घरी फुलं टिकतात. विकायचं तेव्हाच, बऱ्याच कळ्यांना नुकती चीर पडून रंग दिसतोय, पूर्ण उमललेली एक-दोनच. गाडीत भरायच्या आदल्या दिवशी मुळाशी पोटभर पाणी द्या, वरून नाही, उमललेल्या फुलात पाणी राहिलं की करड्या बुरशीचे डाग येतात. आणि उचलताना कुंडीच्या कडेला धरा, भरलेल्या झाडाच्या फांद्या बुंध्यापाशी ठिसूळ असतात, एका धक्क्यात पाव झाड निखळून हातात येतं आणि त्या वेळेला करण्यासारखं काहीच उरत नाही.