ओरखडा भरतो तो पेशी सरकल्याने की वाढल्याने? स्क्रॅच चाचणी कशी करावी

त्वचेला खरचटले की कडेच्या पेशी मोकळ्या जागेकडे सरकू लागतात आणि त्यांना तसा इशारा ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला, हलायला सांगणारी प्रथिने) देतात, हे एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना पाठ असते; ते प्रत्यक्ष पाहायचे तर पेशींच्या सलग थरावर ओरखडा काढावा लागतो, हीच स्क्रॅच चाचणी. त्यासाठी लागणाऱ्या हाकॅट पेशी, म्हणजे मानवी त्वचेच्या वरच्या थरातील केरॅटिनोसाइट पेशी, पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात.

सहा कप्प्यांच्या प्लेटमध्ये थर पूर्ण भरला की पेशी रात्रभर सीरमविरहित माध्यमात (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात) ठेवाव्यात. ही पायरी अनेकजण गाळतात, आणि तिथेच प्रयोग फसतो. सीरम हे रक्त गोठल्यानंतर उरणारे द्रव असते. गोठताना प्लेटलेटनी आपल्याजवळचे ग्रोथ फॅक्टर त्यात आधीच सोडलेले असतात, त्यामुळे सीरम घातलेल्या पेशींना इशारा मिळूनच गेलेला असतो. पेशींचे विभाजन थांबवण्यासाठी ओरखड्याआधी दोन तास मायटोमायसिन-सी (10 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर) द्यावे. ते विषारी असल्याने हातमोजे अनिवार्य आहेत. हे केले नाही, तर फट पेशी सरकून भरली की नव्या पेशी तयार होऊन, हे सांगता येणार नाही.

आता 200 मायक्रोलिटरची निर्जंतुक टिप काटकोनात धरून एका दमात सरळ रेघ ओढावी. मग पीबीएसने (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणाने) दोनदा धुवावे, मात्र धार ओरखड्यावर न सोडता कप्प्याच्या भिंतीवरून सोडावी, कारण जोराने कडाच उखडतात. फोटोची जागा ओळखण्यासाठी प्लेटच्या तळाला बाहेरून ब्लेडने खूण करावी. माझ्या एका विद्यार्थिनीने मार्करने केलेल्या खुणा स्पिरिटच्या एका पुसण्यात गेल्या आणि 24 तासांचे फोटो निरुपयोगी ठरले.

एका कप्प्यात निव्वळ माध्यम, दुसऱ्यात 10 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) आणि तिसऱ्यात ईजीएफसोबत त्याचा ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरचे, इशारा टिपणारे प्रथिन) रोखणारे जेफिटिनिब हे औषध घालावे. स्टॅनली कोहेन यांना 1986 चे नोबेल ज्या शोधासाठी विभागून मिळाले, तोच हा ईजीएफ. तो ग्राहीला चिकटला की दोन ग्राही जोडीने येतात, एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात, आणि तो संदेश आत पोहोचल्यावर पेशीच्या सांगाड्यातले अॅक्टिनचे तंतू पेशीची पुढची कड पातळ पदरासारखी बाहेर ढकलतात. सूक्ष्मदर्शकाखाली कडेच्या पेशींना असे पदर फुटलेले आणि मागच्या पेशी त्यांच्यामागून सलग थराने ओढल्या गेलेल्या दिसतात.

शून्य, 6, 12 आणि 24 तासांनी फोटो घेऊन इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये फटीचे क्षेत्रफळ मोजावे आणि किती टक्के भरले ते शून्य तासाच्या तुलनेत काढावे. निव्वळ माध्यमातली फटही थोडी भरते, कारण मोकळी कड मिळाली की पेशी आपणहून हलतात. म्हणून ईजीएफचा परिणाम निव्वळ माध्यम आणि ईजीएफ या दोन कप्प्यांमधील फरकातच मोजावा, आणि जेफिटिनिबच्या कप्प्यात तो फरक नाहीसा झाला तरच इशारा त्याच ग्राहीतून गेला असे लिहावे.