नाण्यांवरून मन उडालंय? संग्रह ठेवावा की मोडावा, हे कसं ठरवाल

सातारा-सांगलीकडे नाणी जमवणाऱ्याला त्याचं पहिलं नाणं कोणतं होतं असं विचारलं, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं: देव्हाऱ्यातल्या डबीतला राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया, नाहीतर शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, शिवराई. तिथून पुढे अल्बम येतात, भिंग येतं, ग्रॅमचा काटा येतो, रविवार जुन्या बाजारात जायला लागतात. आणि मग एखाद्या वर्षी ध्यानात येतं की दिवाळीच्या साफसफाईत अल्बम नुसते पुसून परत कपाटात ठेवले गेले, उघडून पाहिले नाहीत.

या टप्प्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. काही जण "इतकी वर्षं जमवलं, आता कसं सोडायचं" म्हणून मन नसताना खरेदी करत राहतात. काही जण वैतागून एका दुपारी सगळा संग्रह पहिल्या भेटलेल्या व्यापाऱ्याच्या हवाली करतात. पैसे दोघांचेही जातात. छंद सोडण्यात गैर काहीच नाही, पण तो कशामुळे सुटतोय हे कळल्यावर सोडावा. ते कळून घेण्याची ही पद्धत मी ओळखीच्या संग्राहकांना सांगत आलो आहे.

१. चार महिने खरेदी बंद आणि विक्रीही बंद

चातुर्मासात लोक कांदा-वांगं सोडतात, तसा आषाढी ते कार्तिकी नाणं न घेण्याचा नेम करा. वर्षात कधीही चालेल, पण मुदत आधी ठरवा आणि घरात सांगून ठेवा. व्हॉट्सॲपवरच्या नाणेखरेदीच्या ग्रुपचे आवाज बंद करा, लिलावाच्या सूचना बंद करा. वाचायला, अल्बम उघडायला, मित्राकडची नाणी बघायला मोकळीक आहे.

या काळात स्वतःकडे जरा लक्ष ठेवा. समोर एखाद्या नाण्याचा फोटो आला, की नजर आधी नाण्यावर जाते की किमतीवर? आणि खरेदी बंद झाल्यावर हायसं वाटलं की चुटपुट लागली? चार महिन्यांत एकदाही चुटपुट लागली नसेल, तर उत्तर बरंचसं तिथेच मिळालं.

नेम सुरू करण्याआधी एक काम मात्र करा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या कप्प्यांत नाणी वर्षानुवर्षं राहिली की त्यांच्यावर हिरवट चिकट थर धरतो. हे प्लास्टिक पीव्हीसीचं असतं, तांब्याच्या नाण्यांना तर ते फारच बाधतं. अशी नाणी काढून पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये घाला, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. सांगलीत नदीकाठच्या पेठांमध्ये राहणाऱ्यांनी डबा वरच्या मजल्यावर ठेवावा. २००५, २०१९ आणि २०२१ ची पुराची वर्षं पाहिलेल्यांना त्याचं कारण सांगायला नको. नाणं पाण्यातूनही वाचतं, पण सोबतची चिठ्ठी, पावती, वहीतली नोंद वाचत नाही.

२. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

"नाण्यांचा कंटाळा आला" हे वाक्य फार मोघम आहे. या छंदात निदान चार वेगवेगळे आनंद आहेत: शोधण्याचा, मालकीचा, अभ्यासाचा आणि सोबतीचा. चारही एकदम मरत नाहीत. त्यातला कोणता गेला ते ओळखा.

शोधण्याचा आनंद गेला असेल, तर त्यात तुमचा दोष थोडा आणि काळाचा जास्त आहे. पूर्वी एसटीच्या कंडक्टरनं दिलेल्या सुट्ट्या पैशांतही शिकार मिळायची. सालाखाली चौकटचा शिक्का म्हणजे मुंबईची टांकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता, हे बघत बसमध्ये वेळ छान जायचा. आता भाजीवालीकडेही क्यूआर कोड आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेलीच. खिशात नाणं येत नाही म्हणजे सगळंच विकत घ्यावं लागतं, आणि विकत घेणं म्हणजे शोधणं नव्हे. असं असेल तर नाण्यांवरचं मन शाबूत आहे, फक्त शोधाची जागा बदलायला हवी.

मालकीचा आनंद बहुधा अल्बममधल्या रिकाम्या खिडक्यांपाशी अडतो. सहाव्या जॉर्जच्या रुपयांची मालिका पूर्ण करायला घेतली, की १९३९ च्या चांदीच्या रुपयाची खिडकी रिकामी राहते. ते साल इतकं दुर्मीळ आहे की सामान्य नोकरदारानं त्याचा नाद न केलेला बरा. मग रोज तीच एक रिकामी जागा दिसते आणि भरलेल्या जागांचं सुख संपतं. यावर माझा साधा उपाय आहे: ते पानच अल्बममधून काढून टाका. छापील अल्बमच्या कंपनीनं ठरवलेल्या खिडक्या भरण्याचा आपण कुणाशी करार केलेला नाही.

बनावट नाण्यांनीही अनेकांचं मन उडतं. एकदा शंका शिरली की प्रत्येक शिवराईकडे संशयानं बघितलं जातं. ही शंका अभ्यासानं कमी होते, खरेदीनं वाढते. त्यामुळे चार महिन्यांचा नेम इथे फार उपयोगी पडतो.

सोबत तुटली असेल, म्हणजे बरोबर जाणारा मित्र गेला किंवा गाव सुटलं, तर ते उघडपणे मान्य करा. तो कंटाळा नाण्यांचा नसतो.

३. तीन ताटं मांडा

हा या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून त्याला अख्खा दिवस द्या. तीन मोठी ताटं घ्या, प्रत्येकात मऊ सुती कापड अंथरा. नाणी एकमेकांवर टाकू नका. हात धुऊन कोरडे करा, नाणं कडेनं धरा आणि एकेक उचलून ताटात ठेवा.

पहिल्या ताटात अशी नाणी, ज्यांच्याबद्दल किंमत न उच्चारता शेजारच्याला पाच मिनिटं सांगता येईल. दुसऱ्यात अशी, ज्यांच्याबद्दल फक्त किंमतच सांगता येते. तिसऱ्यात अशी, जी कधी घेतली तेच आठवत नाही.

उदाहरणार्थ शिवराई भिंगाखाली धरा. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं कडं. हे कडं बहुतेक नाण्यांवर अर्धंच दिसतं, कारण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. म्हणून 'श्री'ची वेलांटी एखाद्या नाण्यावर असते, एखाद्यावर कडेला कापली गेलेली असते. 'शिव' कुठे ऱ्हस्व तर कुठे दीर्घ, कुठे चक्क 'सिव'. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेला हा मजकूर पुढे छत्रपती शाहूंच्या आणि पेशव्यांच्या काळातही तांब्यावर तसाच उठत राहिला, त्यामुळे नाणं कोणत्या काळचं हे अक्षराच्या वळणावरून, वजनावरून ताडावं लागतं. हे सगळं सांगताना तुमचा आवाज बदलत असेल, तर ते नाणं पहिल्या ताटातलं.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपयाही असाच बोलका आहे. राजाच्या अंगावरच्या मानचिन्हातला हत्ती इतका बेढब उठला की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि १९१२ मध्ये चित्र सुधारावं लागलं. १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा तर महायुद्धातल्या तांब्याच्या टंचाईची गोष्ट मधल्या भोकातूनच सांगतो.

याउलट अल्बममध्ये ओळीनं लावलेले स्मारक नाण्यांचे सीलबंद संच बहुतेकांच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या ताटात जातात. ते कधी बाजारात फिरले नाहीत, कुणाच्या कनवटीला लागले नाहीत. त्यांच्यावर प्रेम करणारे लोक आहेत आणि त्यांना तो अधिकार आहे, पण तुमचं मन तिथे नसेल तर ओढूनताणून आणू नका.

संध्याकाळी ताटांकडे बघा. पहिलं ताट रिकामं असेल तर संग्रह मोडायला हरकत नाही. पहिल्यात मूठभर आणि बाकीच्यांत रग्गड असेल, आणि बहुतेकांचं असंच निघतं, तर पुढची पायरी तुमच्यासाठी आहे.

४. सगळं सोडण्याआधी रुंदी सोडा

दुसरं आणि तिसरं ताट बाजूला काढून विकायचं ठरवा आणि पहिल्या ताटाला एकच विषय द्या. आपल्या भागात विषयांना तोटा नाही. नुसत्या शिवराई नाण्यांच्या अक्षरभेदांवर आयुष्य निघेल. मिरजेच्या टांकसाळीचे मराठाकालीन रुपये घ्या: त्यांवर फारसीत मोगल बादशहाचं नाव आणि टांकसाळीचं नाव 'मुर्तजाबाद', म्हणजे मिरजच. मराठ्यांच्या मुलखात बादशहाच्या नावाचं नाणं का पाडलं जात होतं, हे समजून घ्यायला लागलात की खरेदीपेक्षा वाचनच जास्त होतं. फारसी अक्षरं ओळखायला थोडी मेहनत पडते, पण टांकसाळीचं नाव स्वतः वाचता येणं हा निराळाच आनंद आहे.

खर्चाची मर्यादाही घाला. वर्षाला एकच नाणं, पण ते आधी अभ्यास करून घेतलेलं. सहा महिने असं करून बघा. तरीही अल्बम उघडावासा वाटला नाही, तर निर्धास्तपणे मोडा.

५. मोडण्याआधी यादी

यादीशिवाय एक नाणंही घराबाहेर जाऊ देऊ नका. वहीत किंवा मोबाइलवर प्रत्येकाचा क्रमांक, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो आणि कुठून मिळालं ते लिहा. हा शेवटचा रकाना अभ्यासकांच्या दृष्टीनं सोन्याचा आहे. 'वाईच्या तांबटाकडच्या मोडीतून' एवढी नोंदसुद्धा पुढच्या माणसाला काही सांगते. ती नोंद फक्त तुमच्या डोक्यात आहे, आणि नाणं विकलं की ती कायमची जाते.

नाणी घासू नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, काहीही नाही. चकचकीत केलेल्या जुन्या तांब्याची किंमत जाणकाराच्या डोळ्यांत तिथल्या तिथे पडते.

६. विकताना

सराफ राणीछाप रुपया मोडीच्या भावात घेतो, त्याचा तो धंदा आहे. पण तुम्हाला आतलं माहीत हवं. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात चांदी निम्मीच, ५.८ ग्रॅमच्या आसपास. १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदीचा चिकटत नाही. ही विभागणी घरीच करून साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या सराफ कट्ट्यावर जा. ज्या नाण्याला संग्राहकाकडून चांदीपेक्षा जास्त भाव मिळू शकतो, ते मोडीत देऊ नका. आधी लिलावगृहांचे गेल्या काही लिलावांतले प्रत्यक्ष विक्रीचे आकडे बघा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

"वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो घ्या" असल्या जाहिरातींना भुलू नका. आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन असं करत पैसे तुमच्याचकडून काढतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की ती अशा व्यवहारांत नाही आणि कुणालाही तिच्या नावानं शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही.

शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. ती खासगीरीत्या परदेशात पाठवता येत नाहीत, आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो, म्हणून परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडेच जा आणि पावती घ्या. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेली नाणी हा वेगळाच मामला आहे: १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचं असं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संग्रहात तसं काही असेल तर विकायला काढू नका, आधी वकिलाला विचारा. रक्कम मोठी होणार असेल तर सीएलाही.

सगळं एकदम विकू नका. तिसरं ताट आधी, दुसरं नंतर. पहिलं ताट निदान वर्षभर घरातच राहू द्या.

७. द्यायचं असेल तर

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आयुष्यभर जमवलेली चित्रं आणि शिल्पं १९३८ मध्ये भवानी संग्रहालयात सर्वांसाठी खुली केली. आपल्या भागात हा पायंडा आधीपासून आहे. संग्रहालयाला द्यायचं तर यादी घेऊन आधी भेटा, त्यांना काय हवं ते विचारा आणि देणगीचा लेखी कागद घ्या. दुबार नाणी शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांना द्या. नया पैसा, आणा, भोकाचा पैसा मुलांच्या हातात पडला की सोळा आण्यांचा रुपया त्यांना फळ्यावर समजावावा लागत नाही.

यातलं काहीही ठरलं, अगदी ठेवायचंच ठरलं, तरी यादीची एक प्रत घरातल्या एका माणसाकडे द्या. कोणत्या डब्यात काय आहे, कोणती नाणी मोडीत द्यायची नाहीत आणि वेळ आली तर कुणाला विचारायचं, हे तिच्यावर पहिल्याच पानावर लिहा आणि तारीख टाकून सही करा.