इमारतीत दिवाळी अंकांची भिशी कशी सुरू करावी

बरा दिवाळी अंक आता तीनशे ते पाचशे रुपयांना पडतो. दहा घेतले की चार हजार गेले, आणि त्यातले निम्मे होळीपर्यंत टीपॉयखाली तसेच पडून. उलट दहा घरांनी एकेकच अंक घेतला आणि तो घरोघर फिरवला, तर प्रत्येकाला एकाच्या पैशांत दहा वाचायला मिळतात. भिशीचंच तत्त्व, फक्त पैशांऐवजी अंक.

वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना असतातच. ज्यांना पन्नास अंकांचा फडशा पाडायचा आहे, त्यांनी खुशाल त्या घ्याव्यात. इमारतीतल्या भिशीत अंक कमी मिळतात, पण पाचव्या मजल्यावर कोण राहतं हे कळतं. संपादक का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तो याच मुंबईत, इथल्या इमारतींना हा खेळ अवघड जाऊ नये.

१. घरं जमवा

दसऱ्याच्या आसपास सुरुवात करा. दिवाळीच्या आठवड्यात विचारायला गेलात, तर तिघांनी एकच अंक आधीच घेऊन ठेवलेला असतो. आठ ते बारा घरं पुरेत. त्याहून कमी झाली तर मजा नाही, फारच जास्त झाली तर अंक मे महिन्यापर्यंत फिरत राहतो आणि सगळ्यांचा उत्साह संपतो.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकून थांबू नका. तिथे पाण्याच्या टँकरपासून पार्किंगपर्यंत इतकं काही चालू असतं, की तुमचा मेसेज दहा अंगठे मिळवून वाहून जातो. दोन-तीन घरी प्रत्यक्ष जा, बाकीची घरं तीच आणतात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना वगळू नका. करार कधी संपतो एवढं विचारून ठेवा, म्हणजे अंक सामानाच्या टेम्पोतून विरारला जाणार नाही.

२. अंक ठरवा

प्रत्येकाने आपल्या आवडीचा अंक घ्यावा, फक्त नाव आधी सांगावं. एक जण यादी ठेवेल. कथा-कवितांचे दोन-तीन, एखादा विनोदी, एखादा वैचारिक, एखादा प्रवासाचा, आणि मुलांसाठी किमान एक, असं झालं तर उत्तम. राशिभविष्याचा एक अंक असू द्याच. नाकं मुरडणारेसुद्धा सगळ्यात आधी तेच पान उघडतात.

काही अंक दिवाळी उलटल्यावरच बाजारात येतात. दादर किंवा गिरगावच्या दुकानात आधी विचारून घ्या, नाहीतर रोजच्या पेपरवाल्याला सांगून ठेवा.

३. चिठ्ठी चिकटवा

सगळी व्यवस्था या एका कागदावर उभी आहे. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिकटवायची, आणि त्यावर एवढंच:

अंक क्र. ४. मालक: ३०२.
३०२: १५ नोव्हेंबर
७०४: २२ नोव्हेंबर
१०१: २९ नोव्हेंबर

अशा दहा ओळी. नावं लिहिण्यापेक्षा घरांचे क्रमांक बरे. आपल्या ओळीपुढे वाचणाऱ्याने हवं तर शेरा लिहावा. ‘पान ६४ वरची कथा चुकवू नका’ असं कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असतं आणि पुढचा माणूस तिथूनच सुरुवात करतो. अंकाला खाकी कव्हर घाला. जाड अंकांची पाठ चौथ्या-पाचव्या घरी सुटते. तेव्हा आधीच फेव्हिकॉलचा हात फिरवून रात्रभर वजनाखाली ठेवा. सोबत एक कापडी पिशवी द्या.

४. क्रम लावा

घरं एका वर्तुळात लिहा. अंक नेहमी पुढच्या घरी जातो, शेवटच्या घरातून पहिल्या घरी. म्हणजे प्रत्येकाचा संबंध दोनच घरांशी: एकाकडून घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा.

इथे थोडी चलाखी करा. शेजारशेजारची दारं लागोपाठ ठेवू नका. ३०१ आणि ३०२ यांची विरजणाची देवाणघेवाण आहेच. तिसऱ्या मजल्यानंतर सातवा, सातव्यानंतर पहिला असा क्रम लावा. लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ज्यांची ओळख नाही, ती घरं एकमेकांना लागून यायला हवीत. जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत मात्र वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांच्या अलीकडे-पलीकडे तरुण घरं ठेवा. जिना त्यांनी चढायचा. चाळीत यातलं काहीच करावं लागत नाही, गॅलरीतच सगळं उरकतं.

५. रविवारी फेरी

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. भाऊबीज झाल्यावर येणाऱ्या रविवारी, १५ नोव्हेंबरला, सुरुवात करा. दहा घरं असतील तर २४ जानेवारीला प्रत्येक अंक आपोआप मालकाच्या घरी पोचतो. सकाळची वेळ नको, तेव्हा घरोघरी मासळी साफ होत असते आणि हात ओले असतात. संध्याकाळी पाच ते सात बरी.

वाचून झालं नसलं तरी रविवारी अंक पुढे सरकलाच पाहिजे. एकाने अडवला की त्याच्याच घरी अंक साठतात आणि पुढचं घर कोरडं राहतं. राहिलेली कथा जानेवारीनंतर मालकाकडून मागून वाचता येते. नाताळात गावी जाणाऱ्यांनी जाण्याआधीच अंक पुढे द्यावा. पुढच्या घरी आठवडाभर दोन राहिले तर कोणी तक्रार करत नाही.

अंक वॉचमनकडे ठेवून जाऊ नका. सोयीचं असतं, पण मग दार उघडत नाही, ‘या ना, चहा घेऊन जा’ होत नाही, आणि उरतो फक्त कुरिअरचा व्यवहार.

६. न वाचणाऱ्यांना घ्या

इंग्रजी शाळेतली पुष्कळ मुलं मराठी फाडफाड बोलतात आणि जोडाक्षराशी अडखळतात. दुसरीकडे मोतीबिंदू झालेल्या आजींना वाचायचं असतं आणि अक्षर दिसत नाही. या दोघांना अर्धा तास एकत्र बसवा. मुलगा ‘दृष्टिकोन’पाशी थांबतो, आजी न बघता शब्द पुरा करतात, आणि चार रविवारांनी तो त्यांच्याआधी म्हणतो.

गुजराती शेजाऱ्यांकडे दीपोत्सवी अंकांची परंपरा आहे, बंगाली घरात पूजेचे विशेषांक येतात. भाषा येत नसेल तरी चित्रं बघायला आणि फराळाच्या ताटाबरोबर गप्पा मारायला हे अंक फिरवावेत. एखादी कथा त्यांनी तोंडी सांगितली तर आणखी छान.

७. डाग, फाटणं, हरवणं

चकलीचं बोट पानावर उमटणार, हे धरून चाला. ज्याला डाग सहन होत नाही त्याने दुसरा अंक भिशीत द्यावा. हरवला तर तोच अंक आणून द्यायचा, मिळाला नाही तर मालक सांगेल तो. दंडबिंड ठेवू नका. वीस रुपयांच्या दंडावरून जिन्यातलं बोलणंचालणं बंद होतं. पाककृती कापून घेण्यापेक्षा वहीत उतरवून घ्या. अख्खा अंक स्कॅन करून ग्रुपवर टाकणं मात्र नाही म्हणजे नाही. लेखक आणि प्रकाशक यांच्या पोटावर तो पाय आहे, आणि कायद्यातही बसत नाही.

८. जानेवारीनंतर

भिशी अंगवळणी पडली की २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, घरातल्या पुस्तकांची फेरी काढा. पुस्तकाला आठवडा पुरत नाही. तीन आठवडे द्या आणि चार-पाच घरांचेच छोटे गट करा, म्हणजे पाऊस येईपर्यंत सगळं घरी परततं.

इथे कोणीतरी हमखास सुचवतं की लॉबीत एक कपाटच ठेवू या. जिना आणि पॅसेज आग लागली तर पळायचा रस्ता आहे, तिथे किंवा मीटर रूममध्ये कागदाचा साठा नको. सोसायटीच्या ऑफिसात जागा असेल तर कमिटीला लेखी विचारा. शिवाय कपाटातून पुस्तक घ्यायला कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते फारसं पटत नाही.

पावसाळ्यात फेरी बंदच ठेवा. मुंबईच्या ओलीत पानांना बुरशी धरते आणि कसर लागते. मालकाकडे परतलेलं पुस्तक बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. दोन पुस्तकांमध्ये बोटभर हवा राहू द्या आणि फडताळात वेखंडाची पुरचुंडी किंवा पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. ओला पाला ठेवलात तर बुरशी त्याच्यापासूनच सुरू होते.